कानांसाठी की बोटांसाठी? सीडी ट्रान्सपोर्ट निवडताना

सीडी ट्रान्सपोर्ट म्हणजे मुद्दाम अर्धवट ठेवलेलं यंत्र. त्यात सीडी फिरते, लेझर तिच्यावरचे आकडे वाचतो आणि ते आकडे मागच्या एका वायरीतून बाहेर पडतात, बस्स. ते थेट अँप्लिफायरला जोडलं तर सूर ऐकू येत नाहीत, कारण आकड्यांचा आवाज करण्याचं काम दुसऱ्या डब्यातल्या डॅककडे, म्हणजे डिजिटल-टू-अॅनलॉग कन्व्हर्टरकडे असतं. साध्या सीडी प्लेअरमध्ये ही दोन्ही कामं एकाच खोक्यात होतात. इथे ती वेगळी केलेली असतात.

आता नुसते आकडे वाचून देणाऱ्या यंत्राला स्वतःचा आवाज असतो का? शौकिनांना विचाराल तर दोन टोकांची उत्तरं मिळतील. एकजण सांगेल की अमुक ट्रान्सपोर्ट लावल्यापासून तंबोऱ्याची जवारी वेगळी ऐकू येते. दुसरा म्हणेल, आकडे ते आकडे, त्यात काय वेगळं ऐकायचं! या वादात एक तिसरी गोष्ट नेहमी मागे पडते. हे यंत्र आपण रोज हाताळणार असतो. सीडी आत घालायची, हवी ती बंदिश शोधायची, मध्येच दाराची बेल वाजली की थांबवायचं, पुन्हा तिथूनच सुरू करायचं. ट्रान्सपोर्टची खरी परीक्षा बहुतेक वेळा इथेच होते.

आवाज की सोय, हा ताण सीडीइतकाच जुना आहे. १ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये सोनीचा सीडीपी-१०१ हा पहिला प्लेअर विक्रीला आला, किंमत १,६८,००० येन. मोटरवर पुढे सरकणारा ट्रे, वेळ दाखवणारी पट्टी आणि सोबत रिमोट. सीडीचं तंत्र सोनीबरोबर ज्यांनी घडवलं त्या फिलिप्सचा सीडी-१०० मात्र अगदी वेगळ्या वळणाचा निघाला. आटोपशीर खोकं, वर उघडणारं झाकण आणि ट्रॅकचा क्रमांक दाखवायला बारक्या दिव्यांची रांग. वेळ दिसायची नाही आणि रिमोटही नव्हता. पण आतली धातूची ओतीव यंत्रणा आणि डोलणाऱ्या हातावर बसवलेला लेझर इतका पक्का होता की फिलिप्सच्या त्या घराण्यातल्या यंत्रणा जुन्या बाजारात अजूनही शोधल्या जातात. बाजार अर्थातच सोयीच्या बाजूने गेला.

१९८० च्या दशकाच्या मध्यापासून महागड्या प्लेअरचे दोन डबे व्हायला लागले. यामागचं कारण व्यवहारी होतं. डॅकच्या चिपा दर दोन-चार वर्षांनी सुधारत होत्या, फिरती यंत्रणा तशी बदलत नव्हती. मग यंत्रणा एकदाच चांगली घ्यावी आणि डॅक बदलत राहावा, असा हिशेब. तो पटण्यासारखा आहे आणि आज तर अधिकच. घरात चांगला डॅक आधीच असतो, तो संगणकाला किंवा टीव्हीला जोडलेला असतो आणि कपाटातल्या सीड्यांसाठी फक्त वाचणारं यंत्र हवं असतं.

आवाजाचा प्रश्न समजून घ्यायचा तर वाचन कसं होतं ते थोडं पाहायला हवं. सीडीवर आतून बाहेर जाणारी एकच सर्पिल वाट असते, पाच किलोमीटरहून लांब. तिच्या शेजारच्या दोन वेढ्यांत अंतर फक्त १.६ मायक्रॉन. त्या वाटेवर सूक्ष्म खळगे आणि सपाट जागा असतात आणि ७८० नॅनोमीटरचा लेझर त्या चाचपतो. वाटेवरून पुढे सरकण्याचा वेग ठरलेला असल्यामुळे सुरुवातीला तबकडी मिनिटाला सुमारे ५०० फेऱ्या घेते आणि कडेला पोचेपर्यंत हा वेग २०० पर्यंत उतरतो. तबकडी कधीच अगदी सपाट नसते. ती फिरताना कड अर्ध्या मिलिमीटरपर्यंत वरखाली होऊ शकते. भिंगाने मात्र एक-दोन मायक्रॉनच्या आत नेम धरून ठेवायचा असतो. हे सतत सावरत राहण्याचं काम ज्या यंत्रणेचं, ती सर्वो. हा शब्द लक्षात ठेवा, कारण पुढे सगळं त्यापाशीच येतं.

ग्रामोफोनच्या सवयीमुळे अनेकांना वाटतं की तबकडी जितकी स्थिर फिरेल तितका सूर स्थिर. रेकॉर्डच्या बाबतीत ते खरं होतं, तिथे फिरण्याचा वेग म्हणजेच सुराची उंची. सीडीत तसं नसतं. वाचलेले आकडे आधी एका छोट्या स्मृतीत साठतात आणि तिथून क्वार्ट्झच्या घड्याळाच्या ठोक्यावर बाहेर पडतात. गच्चीवरच्या टाकीत पंपाचं पाणी कमी-जास्त दाबाने चढलं तरी खालच्या नळाची धार एकसारखी राहते, तसंच हे. स्मृती भरत आली की मोटर हळू होते, रिकामी व्हायला लागली की वेग घेते. बाहेर मात्र सेकंदाला ४४,१०० नमुने ठरलेल्या तालात जात राहतात.

तरीही काही कंपन्यांनी ग्रामोफोनची परंपरा सीडीत आणली आणि ती यंत्रं पाहायला मोठी देखणी आहेत. जपानच्या सीईसीने पट्ट्यावर फिरणारे ट्रान्सपोर्ट बनवले. त्यांत झाकण उघडून तबकडीवर जड वजन ठेवावं लागतं. टीएकच्या व्हीआरडीएस यंत्रणेत तबकडीएवढ्याच आकाराच्या थाळीवर तिला दाबून धरलं जातं, म्हणजे तिचा वाकडेपणाच निघून जातो. पायोनियरने तर सीडी उलटी ठेवायला लावली. छापील बाजू खाली, लेझर वरून वाचणार. कल्पना चलाख होती, पण आत कोणती सीडी आहे हे ट्रे उघडूनही कळत नसे!

या यंत्रणांमुळे सर्वोची धडपड कमी होते यात शंका नाही. धडपड कमी म्हणून त्याच खोक्यातल्या वीजपुरवठ्यातली खळबळही कमी, असं त्यांचे समर्थक सांगतात. तेही तत्त्वतः बरोबर आहे. प्रश्न एवढाच की त्यातलं किती शेवटी कानापर्यंत पोचतं.

आधी आकडे चुकतात का ते पाहू. सीडीवर चुका दुरुस्त करण्याची जी पद्धत वापरली आहे तिचा पाया अर्व्हिंग रीड आणि गुस्ताव सॉलोमन या दोन गणितज्ञांनी १९६० मध्ये घातला. आवाजाच्या दर २४ बाइटांमागे ८ जादा बाइट तपासणीसाठी लिहिलेले असतात आणि सलग आवाजाचे तुकडे तबकडीवर लांबलांब विखरून ठेवलेले असतात. त्यामुळे वाटेच्या दिशेने सुमारे अडीच मिलिमीटर माहिती सलग नष्ट झाली तरी ती जशीच्या तशी परत मिळवता येते. याला अंदाज म्हणत नाहीत. हे गणिताने काढलेलं नेमकं उत्तर असतं. त्याहून मोठा खड्डा आला की मग यंत्र आजूबाजूच्या नमुन्यांवरून मधलं बेतून घेतं आणि तेही जमलं नाही तर आवाज क्षणभर तुटतो.

स्वच्छ सीडी आणि धड चालणारा ट्रान्सपोर्ट असेल तर बाहेर येणारे आकडे मूळ आकड्यांशी तंतोतंत जुळतात. हे तपासताही येतं. डीटीएस-सीडी नावाच्या तबकड्यांवर सराउंड आवाज साध्या सीडीच्या आकड्यांमध्ये गुंडाळून ठेवलेला असतो. वाटेत कुणी आकड्यांना हात लावला, साधा आवाज कमी-जास्त केला, तरी डीकोडरला तो सराउंड आवाज ओळखता येत नाही आणि स्पीकरमधून नुसती खरखर येते. संगीत आलं म्हणजे आकडे शाबूत पोचले. स्वस्तातल्या डीव्हीडी प्लेअरमधून अशा तबकड्या वर्षानुवर्षं बिनतक्रार वाजत आल्या आहेत, ही गोष्ट महागडे ट्रान्सपोर्ट विकणारे फारशी बोलून दाखवत नाहीत.

उरतो जिटर. आकडे बरोबर असले तरी ते पोचण्याच्या वेळा किंचित मागेपुढे होऊ शकतात. ट्रान्सपोर्टमधून डॅककडे जाणारी जी वायर असते, तिच्यावरच्या एसपीडीआयएफ या पद्धतीत आकडे आणि घड्याळाचे ठोके एकाच संकेतात मिसळून पाठवले जातात. डॅकने ते ठोके त्यातून पुन्हा वेगळे काढायचे. १९९२ मध्ये ख्रिस डन आणि माल्कम हॉक्सफर्ड यांनी या पद्धतीतच दोष आहे का, असा प्रश्न उघडपणे विचारणारा शोधनिबंध लिहिला. हा वाद काही हवेतला नव्हता. त्या काळच्या डॅकना ट्रान्सपोर्टच्या घड्याळावर खरोखरच विसंबून राहावं लागे आणि त्यामुळे ट्रान्सपोर्ट बदलला की फरक पडणं शक्य होतं.

पण किती फरक कानाला कळतो? सोळा बिटांची पूर्ण अचूकता २० किलोहर्ट्झपर्यंत टिकवायची तर जिटर सुमारे १२० पिकोसेकंदांच्या आत हवा, असं गणित सांगतं. १९९८ मध्ये बेंजामिन आणि गॅनन यांनी माणसांना प्रत्यक्ष ऐकवून पाहिलं, तेव्हा शुद्ध सुरात १० नॅनोसेकंदांच्या आणि संगीतात २० नॅनोसेकंदांच्या खालचा जिटर ओळखता आला नाही. २००५ मध्ये जपानमधल्या चाचण्यांत तर काही निवडक, तयार कानांनाही संगीतातला शेकडो नॅनोसेकंदांचा यादृच्छिक जिटर ओळखणं कठीण गेलं. आजचा बरा डॅक येणाऱ्या ठोक्यांना स्वतःच्या घड्याळावर नव्याने बसवतो आणि त्यानंतर उरलेला जिटर नॅनोसेकंदाच्याही बराच खाली असतो.

म्हणून माझं मत असं, की डॅक चांगला असेल आणि सीडी स्वच्छ असेल तर दोन धडधाकट ट्रान्सपोर्टमधला आवाजाचा फरक पैसे मोजण्याइतका नसतो. ज्यांना तो ऐकू येतो त्यांच्याशी भांडायचं कारण नाही, पण खोकं झाकून, कोणतं लावलंय हे न सांगता ऐकवून पाहावं.

मात्र ट्रान्सपोर्टचा आवाजाशी संबंधच नाही, असंही म्हणता येणार नाही. काही फरक अगदी ढोबळ असतात आणि चर्चा त्यांचीच होत नाही. पहिला म्हणजे यंत्राचा स्वतःचा कुजबुजाट. रात्री सगळं शांत असताना विलंबित आलाप सुरू आहे, गायक षड्जावर थांबलाय आणि त्या शांततेत मोटरची घुरघुर ऐकू येते आहे. ढोलकीच्या गाण्यात ती लपून जाते, ख्यालात लपत नाही. संगणकाच्या ड्राइव्हसारखं वेगात फिरणारं यंत्र या बाबतीत कधीकधी फार त्रास देतं. दुकानात पंखे आणि रस्त्याच्या गोंगाटात हे कळत नाही, घरी कळतं.

दुसरा म्हणजे हम. ट्रान्सपोर्ट आणि डॅक तांब्याच्या कोअॅक्शियल वायरीने जोडले की त्यांची अर्थिंगही जोडली जाते आणि घरातली अर्थिंग यथातथाच असेल तर स्पीकरमधून बारीक गुणगुण सुरू होऊ शकते. अशा वेळी ऑप्टिकल वायर लावावी. कागदावर तिचा जिटर थोडा जास्त भरतो, पण तिच्यातून फक्त प्रकाश जातो, वीज जात नाही. ज्याला गुणगुण ऐकू येत असेल त्याने पिकोसेकंद मोजत बसू नये.

तिसरी गोष्ट जरा आडवळणाची आहे. सुरुवातीच्या काळातल्या बऱ्याच सीड्यांवर, विशेषतः जपानमध्ये निघालेल्या, प्री-एम्फसिस असतो. ध्वनिमुद्रण करताना वरचे सूर मुद्दाम चढवलेले असतात, २० किलोहर्ट्झपाशी साडेनऊ डेसिबलच्या आसपास, आणि वाजवताना ते तितकेच उतरवायचे असतात. तशी खूण सीडीवर असते. ट्रान्सपोर्टने ती खूण डॅककडे पोचवली पाहिजे आणि डॅकने पाळली पाहिजे. साखळी कुठे तुटली तर सीडी बोचरी, पातळ वाजते आणि दोष त्या बिचाऱ्या ध्वनिमुद्रणाच्या माथी येतो. जुन्या सीड्यांचा संग्रह असेल त्याने हे विचारूनच घ्यावं.

आणि चौथी, सगळ्यांत महत्त्वाची, म्हणजे खराब सीडी वाचण्याची ताकद. आपल्याकडच्या कपाटातल्या सीड्या काही प्रयोगशाळेतल्या नसतात. उसन्या दिलेल्या, गाडीत वाजवलेल्या, पावसाळ्यात दमट झालेल्या, ओरखडलेल्या. एक ट्रान्सपोर्ट त्यावरून निमूट पुढे जातो, दुसरा अडखळतो, तिसरा ‘नो डिस्क’ असं लिहून मोकळा होतो. तिघांचीही दुरुस्तीची पद्धत एकच, पण सर्वोची हुशारी वेगळी. फ्रान्सच्या पिएर व्हेरानी कंपनीची एक चाचणी-सीडी प्रसिद्ध आहे, तिच्यात मुद्दाम वाढत्या रुंदीच्या फटी सोडलेल्या आहेत, ४ मिलिमीटरपर्यंत. कोण कुठवर टिकतो ते तिच्यावर लगेच उघड होतं. सोय आणि आवाज हे दोन वेगळे मुद्दे मानून आपण वाद घालतो, ते इथे एकच होतात. तुटलेला सूर हा आवाजाचाही दोष आहे आणि वापराचाही.

आता बोटांची बाजू. सीडी आत घालण्याच्या तीन तऱ्हा आहेत. ट्रे सगळ्यांच्या ओळखीचा. त्याचा रबरी पट्टा काही वर्षांनी सैल होतो आणि मग ट्रे उघडायला ढोसावं लागतं, पण तो पट्टा स्वस्त असतो आणि कुठलाही जाणता दुरुस्तीवाला बदलून देतो. स्लॉट, म्हणजे फटीतून सीडी ओढून घेणारी तऱ्हा, दिसायला सुटसुटीत. ऑडिओलॅबचा ६०००सीडीटी तसा आहे. मात्र स्लॉटमध्ये आठ सेंटिमीटरच्या छोट्या सीड्या घालू नयेत आणि वीज गेली की आतली सीडी वीज येईपर्यंत आतच. तिसरी तऱ्हा वरून झाकण उघडण्याची. प्रो-जेक्टच्या सीडी बॉक्स आरएस२ टी मध्ये सीडीवर चुंबकाची चकती ठेवावी लागते. दर वेळी हा विधी करायला मजा येते खरी, पण शोकेसच्या बंद कप्प्यात हे यंत्र बसत नाही, कारण वर हात जायला जागाच उरत नाही. घरात लहान मुलं असतील तर ती चकती सोफ्याखाली सापडण्याची तयारी ठेवावी.

इंग्लंडच्या नेम कंपनीने बराच काळ हाताने उघडायचा ट्रे वापरला. मोटर नाही, पट्टा नाही, बोटाने दार ओढायचं आणि सीडीवर चुंबकी चकती बसवायची. आळशी माणसाला ही गैरसोय वाटेल. वीस वर्षांनी इतरांच्या ट्रेचे पट्टे गळतात तेव्हा मात्र हीच सर्वांत मोठी सोय ठरते.

गैरसोय किती सहन करता येते याचं टोकाचं उदाहरण म्हणजे सोनीचं पहिलं प्लेस्टेशन. १९९४ च्या या खेळण्याच्या सुरुवातीच्या मॉडेलमध्ये मागे साधी ऑडिओ भोकं होती आणि काही शौकिनांनी ते सीडी प्लेअर म्हणून डोक्यावर घेतलं. टीव्ही लावल्याशिवाय कोणता ट्रॅक चाललाय ते दिसत नाही आणि गाणं बदलायला खेळाचं कंट्रोलर हातात घ्यावं लागतं. एवढं करून माणसं खूश होती! हौसेला मोल नसतं हे मान्य, पण घरातल्या बाकीच्यांनीही गाणी ऐकायची असतात.

रोजच्या वापरात काय लागेल हे तुम्ही काय ऐकता त्यावर ठरतं. नाट्यसंगीताच्या सीडीवर पंधरा-सोळा पदं असतात. तिथे रिमोटवर आकड्यांची बटणं असतील तर अकरावं पद थेट लागतं, नसतील तर ‘पुढे’ ‘पुढे’ करत दहा वेळा दाबायचं. आणि किमती ट्रान्सपोर्टच्या रिमोटवर बऱ्याचदा ही बटणं नसतात, रिमोट सुबक दिसावा म्हणून. रागसंगीताची गोष्ट याच्या उलट. एका सीडीवर एकच राग, एकच ट्रॅक, पन्नास-पंचावन्न मिनिटांचा. तिथे ट्रॅक बदलण्याचा काही उपयोग नाही, ट्रॅकच्या आत मागेपुढे जाता आलं पाहिजे. झाला, म्हणजे शेवटचा वेगवान भाग, कितव्या मिनिटाला सुरू होतो हे शोधताना यंत्र पाच पाच सेकंदांच्या उड्या मारतं की बोट दाबून ठेवलं की वेग वाढवतं, हे दुकानात कुणी विचारत नाही. सीडीच्या मूळ रचनेत यावर उपाय होता. ट्रॅकच्या आत ९९ पर्यंत इंडेक्सच्या खुणा घालता येत. आलाप इथे संपला, मध्यलय इथे सुरू झाली, असं यंत्राला कळलं असतं. सुरुवातीचे काही प्लेअर या खुणा वाचत, नंतर ती सोय बहुतेक यंत्रांतून गायब झाली. हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्यांचं यात सगळ्यांत जास्त नुकसान झालं, असं मला वाटतं.

मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित आणि द्रुत दोन ट्रॅकमध्ये तोडलेले असतात, पण तबला थांबलेला नसतो. खरा सीडी ट्रान्सपोर्ट ही सीमा ओलांडताना क्षणभरही थांबत नाही. सगळी सीडी आधी फाइलीसारखी वाचून घेणारी काही यंत्रं तिथे बारीक खंड पाडतात. हे तपासून पाहावं. आकड्यांची पट्टी पलंगावरून वाचता येते का, हेही. चाळिशीनंतर हा प्रश्न क्षुल्लक राहत नाही.

शेवटचा मुद्दा रुक्ष आहे, पण सगळ्यांत जास्त पैसे तोच खातो. लेझर झिजतो. त्याचं आयुष्य संपलं की बदलावा लागतो आणि तो मिळतो का, यावर यंत्राचं भवितव्य ठरतं. फिलिप्सची सीडी-प्रो२ ही यंत्रणा एके काळी जगातल्या अत्यंत महागड्या ट्रान्सपोर्टमध्ये असायची. तिचं उत्पादन थांबलं आणि लाखोंच्या यंत्रांचे मालक सुट्या भागांसाठी वणवण करू लागले. उलट सोनीची केएसएस-२१३ ही साधी, स्वस्त यंत्रणा इतक्या प्लेअरमध्ये होती की तिचे लेझर आजही मिळतात. स्कॉटलंडच्या लिन कंपनीने २००९ मध्ये सीडी प्लेअर बनवणं बंद करत असल्याचं जाहीर केलं, मुंबईतलं रिदम हाऊस हे संगीताचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. नव्या सीड्या आणि नवी यंत्रं दोन्ही कमी होत असताना, पुढची दहा वर्षं दुरुस्त होऊ शकेल असं यंत्र घेणं हाच शहाणपणाचा सौदा आहे, मग त्याचं खोकं थोडं सामान्य दिसलं तरी चालेल.

तेव्हा ट्रान्सपोर्ट घ्यायला निघाल तेव्हा दुकानदाराची आवडती, चकचकीत सीडी ऐकू नका. घरून दोन सीड्या घेऊन जा, एक सगळ्यांत ओरखडलेली आणि एक तासाभराच्या रागाची. पहिली न अडखळता वाजते का ते पाहा, दुसरीत झाला किती पटकन सापडतो ते पाहा, आवाज पूर्ण बंद करून यंत्राला कान लावा आणि निघण्याआधी लेझर कुठे बदलून मिळेल ते विचारा.